टेक दोन

टेक एक बिघडला. गोव्यातल्या पार्से गावी आपल्या खोलीत उल्हास व्हायोलिन रेकॉर्ड करत होता, आणि रस्त्यावर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला.

टेक दोन बिघडला. कुंपणापलीकडून शेजारची सरूकाकी ओरडली, "उल्हासा, पोदेर इलो रे! किती पाव घेव?"

टेक तीनही बिघडला. "ऐकूक येना काय? एकटो आसंस म्हणान उपाशी रवतलंस?"

उल्हासने खोलीची खिडकी बुजवली, भिंतींना जाड फोम लावला, दाराच्या फटीत रबर भरलं.

काम संपलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी टेक चार स्वच्छ आला. भोंगा नाही, हाक नाही. खुशीत तो बाहेर आला, तर फाटकाला पिशवी लटकत होती आणि पिशवीत दोन पाव होते. काकीच्या दाराला कुलूप होतं.

"झील तिका वास्कोक घेवन गेलो. आता ती थंयच रवतली," काकीच्या मुलाबद्दल समोरचे बाबुराव म्हणाले. "जाताना तुका किती हाको मारल्यान!"

 

 

आता रोज सकाळी दार घट्ट लावून उल्हास टेक दोन ऐकतो, आणि काकीचा प्रश्न संपला की मोठ्याने सांगतो, "दोन घे गे, काकी."