रस्त्याकडं तोंड

नागसेनला दौंडमधलं नवं रो-हाऊस पसंत होतं. कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टला जायला सोयीचं, वर टाइल्स, गिझर, पार्किंग. त्याच्या बायकोला, राजश्रीला, मात्र न्हावऱ्यातलं दगडी घर हवं होतं. तिच्या आईनं, ताईबाईनं, या घराचं अंगण वीस वर्षं झाडलं होतं आणि उंबऱ्याच्या आत तिला एकदाही पाऊल टाकू दिलं नव्हतं.

रिकामं घर बघून दोघं बाहेर आली, तर राजश्रीच्या चपलांची तोंडं रस्त्याकडं होती. काढताना तोंडं दाराकडं होती. तिनं चपला सरळ केल्या आणि पुन्हा आत चक्कर मारून आली. तोंडं पुन्हा रस्त्याकडं.

"घरालाच आपण नको हाय," नागसेन हळू आवाजात म्हणाला. "चल, दौंडचंच घेऊ."

"घराला इचारतंय कोन?"

तिनं अंगणातल्या नळावर पाय धुतले, जसे आपल्या घरात शिरताना धुतात. चपला हातात घेऊन ती मधल्या खोलीपर्यंत गेली आणि त्या आतल्या बाजूला तोंड करून ठेवल्या.

"आता वळवा," ती घराला म्हणाली.

चपला हलल्या नाहीत.

मग तिनं मागं पाहिलं. दारापासून तिच्यापर्यंत फरशीवर तिची ओली पावलं उमटली होती. प्रत्येक पावलाची बोटं रस्त्याकडं होती.

राजश्रीनं स्वयंपाकघराकडं तोंड केलं, उजवा पाय दाबून पुढं टाकला आणि उचलला. खाली पाऊल उमटलं होतं. बोटं रस्त्याकडं.

तिनं डावा पाय आणखी आत टाकला.