आठवा खवला

“मेणखडू आडवा धरा आणि कागदावरून हलक्या हाताने फिरवा. खालच्या वस्तूचा पोत आपोआप वर येतो,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. मुलं कागद घेऊन भिंती, फरशा, चपलांचे तळ धुंडाळत सुटली.

एक चष्मेवाली मुलगी मात्र जागची हलली नाही. “बाई, माझ्या बाकात मासा आहे!”

बाक गेल्याच महिन्यात आलेले, सनमायका नुसता काचेसारखा गुळगुळीत. पण तिच्या कागदावर जुन्या लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या आणि त्यांत एक मासा. सात खवल्यांचा.

बाईंनी तो मासा ओळखला. त्या याच वर्गात शिकल्या होत्या. शेजारी बसणारी मैत्रीण कर्कटकाने बाकावर रोज एक खवला कोरायची. “लक्ष ठेव हं. कुणी आलं तर खोक,” म्हणायची. सातवा खवला कोरला त्या रात्री तिला ताप भरला, आणि ती पुन्हा शाळेत आलीच नाही. तो बाकही केव्हाच मोडीत निघाला होता.

सुट्टी झाली, वर्ग रिकामा झाला. बाईंनी त्याच जागी नवा कागद ठेवून खडू फिरवला आणि खवले मोजले. आठ.

त्यांनी आणखी एक कागद ठेवला. खडू अजून उचललाही नव्हता, तोच कागदाखालून कर्कटकाची बारीक करकर सुरू झाली.

व्हरांड्यात शिपायाची पावलं वाजली.

बाई सवयीने खोकल्या.

करकर थांबली.