हिरवा चुडा

भारतनं आईचं मनगट धरून दाराच्या चौकटीवर आपटलं. सगळ्या बांगड्या एकदम फुटल्या, काचा रुतल्या आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं.

"आज माझ्या बायकोचं ओटीभरण, आणि आई बेचाळिसाव्या वर्षी पाच महिन्यांची? मी गावात तोंड कसं दाखवू?"

"पाळी जायचं वय झालं, म्हणून थांबली असंल असं वाटलं," आई म्हणाली. "काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा कळलं. तू झालास तेव्हा मी सोळाची होते. तेव्हाही तुझ्या बापानं मला विचारलं नव्हतं रे."

त्यानं तिच्या कमरेत लाथ घातली. पोट दोन्ही हातांनी झाकून ती तशीच पडून राहिली.

ओसरीवर कासारणीनं रेणुकाचे हात नुकतेच भरले होते. सात महिन्यांचं पोट सावरत ती आत आली, सासूला उठवून बाहेर घेऊन गेली आणि पदरानं तिचं रक्त पुसलं.

"मावशी, आत्याबाईंच्या ह्या हाताला लागलंय. दुसऱ्या हातात भरा. हिरव्याच."

कासारणीनं पहिली बांगडी चढवली, तोच भारत मूठ वळून धावून आला.

रेणुका जागची हलली नाही. तिनं आपली दोन्ही मनगटं उचलून त्याच चौकटीसमोर धरली.

"पुन्हा आईवर हात टाकलात, तर ह्या मी इथंच फोडीन," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही जिवंत असलात तरी."