मोठ्या वर्गाची सवय

“बाकावर मांडी घालून बसतात का कुणी? पाय खाली सोड बघू.”

मोठ्या वर्गाच्या नव्या बाईंनी ज्याला हे सांगितले त्याने पाय खाली सोडून पाहिले. ते टेकेनात, म्हणून पुन्हा वर घेतले. “इथली जमीन खोल आहे,” तो म्हणाला.

मुले खिदळली. नव्या बाईही हसल्या. दाराशी उभ्या असलेल्या शिशुवर्गाच्या बाई मात्र ओठ मिटून हसल्या. वर्ष सरत आले की त्या आपल्या मुलांना रोज थोडा वेळ समोरच्या या मोठ्या वर्गात आणून बसवीत, आणि तेवढ्या वेळात एक नियम कटाक्षाने पाळीत : मुलाने काहीही विचारले तरी आपण उत्तर द्यायचे नाही; ‘नव्या बाईंना विचार’ एवढेच म्हणायचे. नियम त्यांचा त्यांनीच घातलेला होता. दोन्हीकडे लळा ठेवून मूल पुढे जात नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि ते खोडून काढणे आजवर कुणाला साधले नव्हते.

खिडकीकडच्या बाकावरून टिटवी उतरली. हे नाव बाईंनीच लाडाने ठेवलेले. निम्मे वर्ष या पोरीने शाळेत तोंडातून अक्षर काढले नव्हते. मग एके दिवशी बाईंच्या कानाशी लागून तिने पाणी मागितले, आणि तेव्हापासून ती बोलू लागली. पण बोले ती केवळ त्यांच्याशी, आणि तेही कानातच.

तिने येऊन बाईंचा हात धरला व खाली ओढला. बाई सवयीने वाकू लागल्या. वाकता वाकता सावरल्या.

“मला नाही, टिटवे. नव्या बाईंना विचार.”

टिटवीने हात आणखी जोराने ओढला. बाईंनी तिची बोटे एकेक करून सोडविली, खांद्यांना धरून तिला फळ्याकडे वळविले आणि आपण एक पाऊल मागे सरल्या.

“काय गं?” नव्या बाईंनी विचारले. आवाजात राग नव्हता. “बोल की. मूग गिळून आलीस का?”

सगळा वर्ग हसला. टिटवीचे ओठ विलग झाले आणि तसेच राहिले. मग ती जागेवर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा घट्ट लावून.

आज नाही तर उद्या बोलेल, बाईंनी मनाशी म्हटले. आपणच विरघळलो तर ती कधीच बोलणार नाही. त्यांनी मुद्दाम नजर दुसरीकडे नेली.

घंटा झाली. मुलांनी बाकांवरून धडाधड उड्या टाकल्या आणि दाराकडे धाव घेतली. टिटवी उठली नाही. तिच्या बाकाच्या कडेवरून थेंब थेंब खाली पडत होते, आणि एक मोजा भिजून गडद झाला होता.

“अगोबाई! असू दे, असू दे, होतं असं,” म्हणत नव्या बाईंनी कोपऱ्यातले फडके आणले. मग त्या शिशुवर्गाच्या बाईंकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, “पण रडली नाही हो! जागची हललीसुद्धा नाही. एवढ्या मुलांत मला काळजी हिचीच होती. तुम्ही निर्धास्त राहा; ही रुळली.”

शिशुवर्गाच्या बाई ओल्या जमिनीवरच गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी आपला कान टिटवीच्या तोंडाशी नेला.

“मला सांग, टिटवे. मलाच सांग.”

कानाला तिचा श्वास लागला, ऊन आणि जलद. त्यात शब्द नव्हता. बाई तशाच थांबून राहिल्या. थोड्या वेळाने टिटवीने मान वळविली, दोन्ही हातांची घडी बाकावर ठेवली, आणि ती पुसून कोऱ्या झालेल्या फळ्याकडे पाहत बसली.