नऊशे गोळे

अपेक्षानं पोत्यातला एक चिंचोका तोंडात टाकला आणि कट्ट असा आवाज झाला. तो खुलताबादच्या डोंगरापर्यंत गेला असं कुणी म्हणणार नाही, पण दीपमालाच्या काळजापर्यंत नक्की गेला.

"मॅडम, काय खमंग भाजलेत हो!"

दीपमालानं दुसरा उचलला. साल चिमटीत सुटून आली. आत दाणा तांबूस.

अपेक्षासकट वाळूजच्या कारखान्यातली चाळीस माणसं सकाळपासून तिच्या शेतात कार्यशाळेला आली होती. वर्षानुवर्षं मशीनच्या बटणाशिवाय कशाला हात न लावलेली माणसं, आज कोपरापर्यंत चिखलात. माती, शेणखत, मधे दोन चिंचोके, आणि तळहातावर गोल. पावसाच्या तोंडावर डोंगरावर टाकायचे, की झाडं येतात. आंब्याखाली गोणपाटावर असे नऊशे गोळे सुकत होते, आणि त्यांतला एकही आता उगवणार नव्हता.

पोतं तर तिनं स्वतः पारखून, कच्चं आणलं होतं. ती तडक चुलीकडं गेली. तिथं सासू बसली होती.

"आत्याबाई, चिंचोके भाजले तुम्ही?"

"मंग! शहरातून चाळीस पाव्हणं येणार, त्यांच्याम्होरं कच्चे ठिवायचे व्हय?" आवडाबाईनं पदरानं कपाळ पुसलं. "चांगले वाळूत भाजलेत. एक करपू दिला नाय."

"अहो, ते पेरायचे होते!"

"आसं व्हय? मी म्हणलं, आजकाल मातीत घोळून खायची फॅशन निघाली आसंल."

तेवढ्यात आंब्याखालून हाक आली. माणसं घेऊन आलेले कारखान्याचे संघपाल सर मोबाइल सरसावून उभे होते.

"मॅडम, फोटोला या! नऊशे झाडं म्हणजे काय खायचं काम आहे? वर पाठवतो लगेच. बाकीच्या सगळ्या तुकड्या तुमच्याकडंच आणायच्या, समजा ठरलं."

वर्षभर दीपमालानं बजाजनगरात गल्लीतल्या पोरांना कागदाची फुलं शिकवत कार्यशाळांचा धंदा रेटला होता, तो या एका वाक्यासाठी. गप्प राहिलं तरी चालण्यासारखं होतं. डोंगरावर मोजायला कोण जातंय? नाहीच उगवलं तर शेळ्यांवर ढकलता आलं असतं. शेळ्या काही खुलासा द्यायला येत नाहीत.

ती फोटोसाठी मधोमध उभी राहिली. सरांनी मोबाइल वर धरला.

"सर, नका काढू," ती म्हणाली. "हे उगवायचे नाहीत. बी भाजलेलं आहे. तुमच्या हातात देण्याआधी मी बघायला पाहिजे होतं. चूक माझी."

सरांचा मोबाइल हळूच खाली आला.

"म्हंजे सकाळपासून आम्ही मातीचे लाडू वळले?" मागून कुणीतरी विचारलं.

"व्हय. लाडूच." दीपमालानं पहिल्या रांगेवर टाच ठेवली. पचक! "मोडा सगळे. बांधावरच्या चिंचेला अजून आकडे लटकलेत. ज्याला जेवढं बी सापडंल, तेवढेच गोळे."

मोडताना मात्र माणसांनी जी मजा केली, ती वळताना केली नव्हती. मग मे महिन्याच्या उन्हात चाळीस माणसं एका चिंचेवर तुटून पडली. कुणी दगड भिरकावले, कुणी फांदीला लोंबकळलं. संघपाल सर शर्टाची बाही फाडून खाली उतरले आणि मुठीतले सहा दाणे त्यांनी स्वतः तीनदा मोजले. शेवटी गोळे झाले त्र्याहत्तर.

बसच्या पायरीवर सर थांबले.

"पुढची तुकडी शनिवारी आणतो. बी तपासाल ना?"

"दाताखाली धरून."

बस वळणाआड गेली. दीपमाला गोणपाट झटकत होती. कुंपणाशी आवडाबाई शेजारच्या कडूबाईला हातवारे करून सांगत होती, "आगं, नऊशे गोळे! समद्या सायबांम्होरं टाचंखाली घेतले माझ्या सुनंनं. म्हणली, खोटं झाड मी कुणाला द्यायची नाय!"

रस्त्यानं बन्सी सायकल ढकलत चालला होता. आवडाबाईनं त्याला थांबवलं.

"बन्सी, ऐकलं का? माझ्या सुनंनं दोन हजार गोळे..."

दीपमालानं ऐकलं. हा आकडा मात्र तिनं दुरुस्त केला नाही.