बाकावरचा खेळ

नीरजाताईंनी दत्तप्रसादला दिलेली खुर्ची चार वर्षांच्या मुलांच्या मापाची होती. लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन तो कसाबसा बसला. गुडघे पार हनुवटीपर्यंत आले.

"मोठी खुर्ची नाही," ताई म्हणाल्या. "पालक लवकर उठतात, तेवढाच फायदा."

खडकीतल्या त्यांच्या बालवाडीत पाटी नव्हती, गृहपाठ नव्हता, नुसता खेळ होता. कोणतं मूल आज काय खेळलं, ते ताई रोज वहीत टिपून ठेवत. मूल विचारलेलं सांगत नाही, खेळून सांगतं, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या कुणी न विचारताही ऐकवत.

त्याच्या मुलीची, तनयाची, पानं उघडून त्या सांगू लागल्या. तीन आठवडे तनया एकच खेळ खेळत होती. बाकीची मुलं खुर्च्या लावून बस-बस खेळत. तनया मात्र दप्तर मांडीवर घेऊन भिंतीलगतच्या बाकावर बसे. कंडक्टर झालेला मुलगा हाका मारून दमला तरी ती चढत नसे. मध्येच डबा उघडून दोन घास खाई आणि पुन्हा तशीच बसे. घरी जायची वेळ झाली की उठून म्हणे, आज फार काम होतं.

"मी विचारलं, तू कोण झालीस? म्हणाली, बाबा."

दत्तप्रसादने मांडीवरची बॅग खाली ठेवली.

हिंजवडीतल्या त्याच्या कंपनीने सहा आठवड्यांपूर्वी माणसं कमी केली होती, त्यात तोही होता. घरी त्याने सांगितलं नव्हतं. बायकोला, रुपालीला, सातवा महिना होता आणि रक्तदाब चढलेला होता. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात त्यांचं दुसरं मूल पोटातच गेलं होतं. या वेळी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, हिच्या मनाला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. नवीन नोकरी लागेपर्यंत गप्प राहायचं, असं त्याने ठरवलं.

म्हणून तो रोज आठला डबा घेऊन निघे. आधी बागेत बसून पाहिलं, पण पुण्यातल्या बागा साडेदहाला कुलूप लावून मोकळ्या होतात. मग त्याला स्वारगेटचा एसटी स्टँड सापडला. तिथे सगळेच वाट बघत असतात, त्यामुळे तुम्ही कशाची वाट बघताय असं कुणी विचारत नाही. फोनवरून अर्ज पाठवत तो दिवस काढी आणि सातच्या सुमारास घरी येई.

तीन आठवडे म्हटल्यावर त्याला उलगडा झाला. तेव्हाच सासूबाई सोलापूरला परत गेल्या होत्या. त्यांना स्वारगेटला गाडीत बसवायला रुपालीचा भाऊ श्रीधर गेला होता, आणि त्याच्याबरोबर हट्ट करून तनया. पोरीने तेव्हाच पाहिलं असणार. पाहिलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही, याची त्याला लाज वाटली.

ताईंनी मात्र आपला अर्थ लावला होता. बाप फार कामात असतो, पोरीला तो भेटतच नाही, म्हणून ती खेळात बाप होते. शुक्रवारी आयांची सभा होती. रुपालीलाही त्या हे सगळं वाचून दाखवणार होत्या.

"तिला नका सांगू," दत्तप्रसाद म्हणाला. "तिची तब्येत तुम्हाला माहीत आहे."

ताईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मग तुम्ही खेळा तिच्याशी. खोदून विचारू नका. ती देईल ते काम मुकाट्याने करा. शुक्रवारपर्यंत खेळ बदलला, तर मी वही उघडणार नाही."

तो घरी आला तेव्हा शेजारच्या कौशल्यामावशी रुपालीला रक्तदाब तपासायला घेऊन निघाल्या होत्या. तेवढा तास त्याला पुरेसा होता. खेळातल्या बाबाला एकदा बसमध्ये चढवायचं, ऑफिसात पोचवायचं. एवढं जमलं की पोरगी बाक विसरेल, असा त्याचा हिशेब होता.

त्याने दोन खुर्च्या लावल्या, पुढे बसला आणि हिंजवडी, हिंजवडी अशी हाक दिली.

तनया दप्तर घेऊन दिवाणावर बसली होती. तिने मान हलवली. "तू ड्रायव्हर नाहीस."

देईल ते काम करा, असं ताई म्हणाल्या होत्या. "बरं, मग मी कोण?"

तिने आपली बाहुली आणून त्याच्या हातात दिली. ही तनया, असं सांगितलं. मग त्याचं बोट धरून कपाटाआड नेलं आणि हा खांब आहे, याच्यामागेच थांबायचं, अशी ताकीद दिली. दिवाणावर परत जाऊन तिने डब्याचं झाकण काढलं, दोन खोटे घास खाल्ले आणि समोर बघत बसून राहिली. त्याच्यासारखीच, खांदे पाडून. दत्तप्रसादला ते बघवेना.

"मी आजी का?" त्याने विचारलं.

"आजी गावाला गेली ना. तू आई."

"आईने काय करायचं?"

"रडायचं नाही," तनया म्हणाली. "हळूच बघायचं आणि बाहुलीच्या कानात सांगायचं, बाबांनी डबा खाल्ला, चल आता घरी, आणि आपण आजपण येऊन गेलो ते बाबांना कळू द्यायचं नाही."