सुपारीएवढी

“यंत्राला माणसाचं मन कळणं या जन्मात तरी शक्य नाही!” बागेतल्या बाकावर काठी आपटून निमकरांनी वाद संपवला. एआय सगळं गिळणार म्हणून धास्तावलेल्या मित्रांची यथेच्छ टिंगल करून, कोथिंबिरीची जुडी घेऊन ते ऐटीत घरी परतले.

दार नुसतंच लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातून एका परक्या पुरुषाचा आवाज येत होता. बायको तर घरी एकटीच! काठी घट्ट धरून, पाय न वाजवता ते पुढे सरकले आणि आत डोकावले.

आत दुसरं कुणीच नव्हतं. पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ती मेथी निवडत बसली होती आणि मोबाइलमधला एआय तिच्याशी बोलत होता. निमकरांना हसू फुटणार, एवढ्यात मोबाइलने विचारलं, “छातीतली ही गाठ कधीपासून आहे?”

“झाले चार महिने. आधी हरभऱ्याएवढी होती, आता सुपारीएवढी झालीय.”

निमकरांनी दाराची चौकट धरली.

“उद्याच डॉक्टरांना दाखवा. घरी कुणाला सांगितलंय?”

तिचे हात मेथीवरच थांबले. “यांना सांगायला गेले होते एकदा. ‘थांब गं, बातम्या संपू देत,’ म्हणाले.”

ती नेमकी कुठली संध्याकाळ, ते निमकर आठवू लागले. काही केल्या आठवेना. असं तर ते तिला रोजच म्हणत.